गळ्याची वाट पाहणारे ऑपेरा

२०१८च्या सप्टेंबरात पॅरिस ऑपेरात एक जुना खेळ घरी परतणार होता. जाकोमो मायरबेअर या संगीतकाराचा ‘ले युगनो’, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. त्याचा पहिला प्रयोग पॅरिसमध्येच झाला होता, २९ फेब्रुवारी १८३६ रोजी. पुढे तो इतका चालला की पॅरिस ऑपेरात हजार प्रयोगांचा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच ऑपेरा ठरला. आणि मग १९३६नंतर तिथे कुणी त्याला हातच लावला नाही. तब्बल ब्याऐंशी वर्षं.

परतीचे प्रयोग जवळ आले आणि दोन मुख्य गायक गळाले. राणी मार्गरीतची भूमिका करणारी डियाना डामराऊ प्रकृतीच्या कारणाने बाहेर पडली. नायक राऊल गाणार होता ब्रायन हायमेल, त्यानेही माघार घेतली. ही कामं पाठ असलेले, त्या तारखांना मोकळे असलेले आणि थोड्या दिवसांत तालमीत मिसळून जाऊ शकणारे गायक जगात बोटांवर मोजण्याइतके. शेवटी लिझेट ओरोपेसा ही अमेरिकन गायिका राणी म्हणून उभी राहिली आणि योसेप कांग राऊल म्हणून. पडदा उघडला आणि खेळ झाला.

ऑपेराच्या नव्या मोसमाच्या घोषणा आल्या की त्यात काय बघायचं, असं मला बरेचदा विचारतात. मी सांगते, ऑपेराचं नाव नंतर बघा, आधी कोण गातंय ते बघा. आणि ऑपेराचं नाव अनोळखी असेल तर हे दुप्पट काळजीने बघा. क्वचित होणारा ऑपेरा नुसत्या आपल्या गुणांवर सहसा परतत नाही. कुणाचा तरी गळा त्याला परत आणतो, आणि तो गळा दुखावला तर सगळा बेत डळमळतो. हे असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

षड्ज कुणाचा?

आपल्या मैफलीत गायक बसतो आणि तानपुरा आपल्या पट्टीत लावून घेतो. कुणाची पांढरी एक, कुणाची काळी दोन, बाई गाणार असतील तर काळी चार-पाच. षड्ज ज्याचा त्याचा. राग तोच राहतो आणि गायकाच्या गळ्याला सोयीच्या उंचीवर बसतो. घसा बरा नसेल तर अर्धा सूर खाली घ्यावा, तार सप्तकात फार रेंगाळू नये, ही मुभा गायकाला असते.

ऑपेरात ही मुभा जवळजवळ नाही. कुठला स्वर किती उंचीवर, किती वेळ, किती जोरात गायचा हे संगीतकाराने दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कागदावर लिहून ठेवलेलं असतं. साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद त्याच कागदाप्रमाणे वाजवत असतो. एखादं पद अर्ध्या सुराने उतरवून घेतात कधीकधी, पण तो अपवाद, आणि जाणकार कानाला ते लगेच कळतं. त्यात माइक नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३८०० खुर्च्या आहेत. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत, मधल्या सगळ्या व्हायोलिनी आणि पितळी वाद्यांच्या वरून, नुसत्या छातीच्या आणि गळ्याच्या बळावर पोहोचायचं. आपल्या संगीत नाटकांतल्या जुन्या नटांनाही माइक नव्हता, म्हणून ते चढ्या पट्टीत गात. पण पट्टी त्यांची त्यांनी निवडलेली असायची.

म्हणून ऑपेरात आवाजाची प्रतवारी फार बारीक आहे. वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंत बायकांचे सोप्रानो, मेझो, काँट्राल्टो आणि पुरुषांचे टेनर, बॅरिटोन, बास हे झाले ढोबळ कप्पे. एकट्या सोप्रानोत चपळ तानांची वेगळी, मऊ लांब ओळींची वेगळी, वाद्यवृंदाच्या गर्जनेला छेदून जाणारी वेगळी. जर्मन नाट्यगृहांत या कप्प्यांना ‘फाख’ म्हणतात आणि गायकाच्या नोकरीच्या करारातसुद्धा त्याचा फाख येतो. नवख्या माणसाला वाटतं की सगळ्यात वरचा स्वर लागला म्हणजे भूमिका जमली. खरं अवघड असतं ते वेगळंच. पूर्ण भूमिकाभर आवाज सरासरी किती उंचीवर तरंगत ठेवायचा? एक वरचा स्वर कुणीही तयारीचा गायक मारून नेईल. पण तीन-चार तास कायम वरच्या मजल्यावर राहायचं, आणि चौथ्या अंकात प्रेमाचं सगळ्यात नाजूक द्वंद्वगीतही गायचं, ही राऊलच्या भूमिकेची परीक्षा आहे.

सात तारे एकत्र कसे आणायचे

‘ले युगनो’ची गोष्ट १५७२ सालच्या फ्रान्समधली आहे. २४ ऑगस्टला, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी, पॅरिसमध्ये कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांची कत्तल केली. त्या कत्तलीच्या छायेत एक प्रोटेस्टंट सरदार आणि एक कॅथलिक तरुणी यांचं प्रेम. प्रयोग मध्यंतरांसह पाच तासांच्या आसपास जातो. पण त्याची लांबी ही खरी अडचण नाही. त्याला सात मोठे गायक लागतात, आणि सातही पहिल्या फळीचे. त्यांतला एक जरी लेचापेचा असला तरी एखादा अंक कोसळतो.

मेट्रोपॉलिटन ऑपेराने २६ डिसेंबर १८९४ला हा खेळ लावला, तेव्हा नेली मेल्बा, लिलियन नॉर्डिका, सोफिया स्काल्की, जाँ आणि एदुआर द रेश्के हे दोघे भाऊ, व्हिक्टर मोरेल आणि पोल प्लाँसों अशी सात नावं एका फलकावर होती. ती ‘सात ताऱ्यांची रात्र’ म्हणून प्रसिद्ध झाली. आता विचार करा, आज सात असे गायक एकाच महिन्यात एकाच शहरात आणायचे, त्यांना एक भूमिका शिकायला लावायची जी कदाचित पुन्हा आयुष्यात गायला मिळणार नाही, आणि त्याच वेळी कोरसला शेकडो पानं पाठ करवायची. नाट्यगृहाचा व्यवस्थापक ‘ला बोएम’सारखा नेहमीचा ऑपेरा लावून मोकळा होतो, यात नवल नाही.

मायरबेअर मागे पडायला आणखी कारणं झाली. तो ज्यू होता. एके काळी त्याची मदत घेतलेल्या रिशार्ड वागनर या संगीतकाराने १८५० साली संगीतातल्या ज्यूंविरुद्ध विखारी निबंध लिहिला, आणि पुढे नाझींनी त्याचे ऑपेरे जर्मनीतून हद्दपारच केले. अभिरुची बदलली हे खरं, पण ती आपोआप बदलली नाही, बदलवलीही गेली. हे मला महत्त्वाचं वाटतं. एखादी कलाकृती विस्मरणात गेली म्हणजे ती कमअस्सल होती, असा निकाल आपण फार घाईने देतो.

आणि एक कारण गळ्याशी थेट बांधलेलं आहे. राऊलची भूमिका पहिल्यांदा गायला आदोल्फ नूरी. त्या काळचे टेनर वरचे स्वर हलक्या, मिश्र आवाजात घेत. आपण ज्याला काहीसा चोरटा सूर म्हणू तसे, पण अतिशय सफाईने. पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, जिल्बेर दुप्रे नावाचा गायक पॅरिसमध्ये आला आणि रॉसिनीच्या ‘गिय्योम तेल’मध्ये त्याने वरचा स्वर भर छातीतून, पूर्ण ताकदीने लावला. प्रेक्षक वेडे झाले. त्यानंतर सगळ्यांना तसाच स्वर हवा झाला. नूरीने पॅरिस सोडलं, इटलीत जाऊन नवी रीत शिकायचा प्रयत्न केला आणि १८३९ मध्ये नेपल्सला आत्महत्या केली. एका माणसाची ही शोकांतिका तर आहेच, पण भूमिकांवरही तिचा परिणाम झाला. हलक्या आवाजासाठी लिहिलेले शेकडो वरचे स्वर आता छातीतून गायचे म्हणजे गळ्याला सक्तमजुरी. त्या काळातल्या कित्येक फ्रेंच भूमिका अशा ‘न गाता येण्याजोग्या’ झाल्या. संगीत जिथल्या तिथे होतं, ते गायची रीत तेवढी लोपली होती.

रीत लोपल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण अठराव्या शतकातल्या हेंडेल या संगीतकाराचं. १७५४नंतर त्याचे ऑपेरे रंगमंचावर जवळजवळ आलेच नाहीत, ते थेट १९२० मध्ये गटिंगेन या जर्मन विद्यापीठनगरीत, ‘रोडेलिंडा’च्या रूपाने. दीडशे वर्षांहून मोठी पोकळी. हेंडेलचे नायक सेनेसिनोसारख्या कास्त्राती गायकांसाठी लिहिलेले होते. ही मुलं वयात येण्याआधी त्यांच्यावर शस्त्रक्रिया होई, म्हणजे आवाज फुटत नसे. ती क्रूर चाल संपली, फार बरं झालं. पण सीझर आणि अलेक्झांडर गाणार कोण, हा प्रश्न उरला. कुणी ती पदं खाली आणून पुरुषांच्या भारी आवाजात गाऊन पाहिली, ती निस्तेज वाटली. मग दोन वाटा सापडल्या. एक, बायकांनी पुरुषपार्ट करायचा. मेट्रोपॉलिटन ऑपेरात हेंडेल पहिल्यांदा आला तो १९८४ मध्ये, आणि ‘रिनाल्डो’चा वीर योद्धा गायली मेरिलिन हॉर्न. दुसरी वाट काउंटरटेनरची. पुरुषानेच कमावलेल्या वरच्या आवाजात गायचं. बालगंधर्वांचा स्त्रीपार्ट डोक्यावर घेतलेल्या आपल्या लोकांना यात अवघडल्यासारखं वाटायचं काही कारण नाही. रंगमंचावर आवाजाचं आणि देहाचं नातं वेगळं असू शकतं, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी दिलेला शब्द

मोठ्या नाट्यगृहांत गायकांशी बोलणी प्रयोगाच्या तीन-चार, कधी पाच वर्षं आधी होतात. दिग्दर्शक, नेपथ्यकार, वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर, मुख्य गायक या सगळ्यांच्या तारखा जुळवायच्या म्हणजे तेवढा अवधी लागतोच. खर्च वाटून घ्यायला दोन-तीन नाट्यगृहं एकत्र येऊन एकच नेपथ्य-वेशभूषा बनवतात आणि ती आळीपाळीने वापरतात. घोषणा मात्र बहुतेक ठिकाणी मोसमाच्या थोडेच महिने आधी, हिवाळा संपता-संपता होते. आपण वाचतो तेव्हा ती ताजी बातमी वाटते. गायकासाठी तो चार वर्षांपूर्वी दिलेला शब्द असतो.

आता चार वर्षांत माणसाचा आवाज काय होईल हे कोण सांगणार? आवाज हा देहाचा भाग आहे. तो वयाने गडद होतो, बाळंतपणाने बदलतो, आजाराने उतरतो, कधी फार लवकर जड भूमिका घेतल्याने झिजतो. सावध गायक विशीत मोझार्ट, तिशीत हलका व्हेर्दी, आणि मग आवाजाने साथ दिली तर त्यापुढचं, असं पायरीपायरीने जातात. नाट्यगृहाचा पात्रनिवड पाहणारा माणूस आजचा आवाज ऐकून चार वर्षांनंतरच्या आवाजावर पैज लावतो. ती पैज नेहमीच्या ऑपेरात हुकली तर दुसरा गायक सापडतो. ‘तोस्का’ पाठ असलेल्या कितीतरी जणी आहेत. अप्रचलित ऑपेरात हुकली तर हात बांधले जातात.

म्हणून प्रत्येक मोठ्या भूमिकेसाठी एक ‘कव्हर’, म्हणजे राखीव गायक, नेमलेला असतो. त्याने पूर्ण भूमिका पाठ करायची, नाट्यगृहापासून फार लांब जायचं नाही, आणि बहुतेक वेळा एकही प्रयोग न करता मोसम संपवायचा. मला या गायकांबद्दल फार आदर आहे.

ब्रायन हायमेलचीच गोष्ट बघा. बेर्लिओझचा ‘ले त्रॉयाँ’ हा असाच अवाढव्य ऑपेरा. तो सबंध रंगमंचावर आलेला संगीतकाराला हयातीत पाहायला मिळाला नाही. १८६३ मध्ये त्याचा अर्धाच भाग झाला, आणि बेर्लिओझ १८६९ मध्ये गेला. त्यातला नायक एने हा टेनर आवाजासाठी लिहिलेल्या सर्वांत कठीण भूमिकांपैकी एक. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेराने तो योनास काउफमनला घेऊन जाहीर केला. काउफमन आजारपणामुळे बाहेर पडला आणि हायमेल उभा राहिला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला मार्चेल्लो जॉर्दानीने भूमिका सोडली, तिथेही मोसमाच्या मध्यावर हायमेलच धावून गेला. दोन खंडांवर एका माणसाने एक ऑपेरा खांद्यावर पेलला. आणि सहा वर्षांनी पॅरिसमध्ये मागे फिरायची पाळी त्याच्यावर आली, ती सुरुवातीला सांगितलीच. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. या भूमिका गाणाऱ्याकडून काय मागतात ते यावरून कळतं.

कधीकधी माघारीतून नवं काही उगवतं. २० एप्रिल १९६५ची रात्र. ऑपेरा होता दोनिझेत्तीचा ‘लुक्रेझिया बोर्जा’, एकोणिसाव्या शतकात गाजलेला आणि विसाव्यात हरवलेला. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तो मैफलीच्या रूपात, म्हणजे नेपथ्य-वेशभूषेविना, व्हायचा होता. गाणार होती मेरिलिन हॉर्न. ती गरोदर असल्याने बाहेर पडली. बदली म्हणून आली मोंतसेरात काबाये. बाझेल आणि ब्रेमेनच्या नाट्यगृहांत कष्ट करून तयार झालेली, पण अमेरिकेत जवळजवळ अनोळखी. त्या एका रात्रीने ती जगप्रसिद्ध झाली. आणि ‘लुक्रेझिया बोर्जा’ही परत आला, कारण आता तो गाणारी होती.

त्याआधी मारिया कॅलस या गायिकेने हेच केलं होतं. केरुबिनीची ‘मेदेआ’ १७९७ची. तिने ती १९५३ मध्ये फ्लॉरेन्सला गायली, त्याच डिसेंबरात मिलानच्या ला स्कालात लेनर्ड बर्न्स्टाइन कंडक्टर असताना. १९५७ मध्ये ला स्कालातच दोनिझेत्तीची ‘आन्ना बोलेना’. तोवर या ऑपेरांतल्या ताना म्हणजे नुसती नक्षी समजली जाई. कॅलसने त्याच तानांतून संताप आणि अपमान ऐकवला, आणि लोकांना कळलं की खोट संगीतात नव्हती, ऐकवण्यात होती. तरीही ‘मेदेआ’ मेट्रोपॉलिटनला पोहोचायला २०२२ उजाडलं. लिहिल्यापासून सव्वादोनशे वर्षांनी! साँड्रा राद्वानोव्स्की गायला तयार झाली, अथेन्स, टोरोंटो आणि शिकागोच्या नाट्यगृहांनी निर्मितीत वाटा घेतला, तेव्हा कुठे मोसमाचा पडदा तिच्यावर उघडला.

आपल्याकडे हे समजायला सोपं आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये आलं ते वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यासह. पुढे ते नाटक नव्याने उभं राहिलं ते त्यांच्या नातवाच्या, राहुल देशपांड्यांच्या गळ्यावर. मधल्या काळातही संहिता तीच होती आणि चाली त्याच होत्या.

छोट्या गावांतली मोठी कामं

दुर्मिळ ऑपेरा ऐकायचे तर नेहमी मोठ्या राजधान्यांकडे बघायचं असं नाही. आयर्लंडमधलं वेक्सफर्ड हे छोटं बंदराचं गाव. १९५१ मध्ये तिथल्या टॉम वॉल्श नावाच्या डॉक्टरने मित्रांना जमवून महोत्सव सुरू केला. आजही दर शरदात तिथे मुख्यतः असेच विस्मरणातले ऑपेरे होतात, आणि लोक जगभरातून जातात. नाट्यगृह लहान असल्याने आवाज ओरडून पोहोचवावा लागत नाही, तरुण गायक जोखीम घेऊ शकतो.

इटलीतलं पेझारो रॉसिनीचं जन्मगाव. त्याचा ‘इल व्याज्जो आ रँस’ १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या शार्लच्या राज्याभिषेकासाठी लिहिला गेला. चार प्रयोगांनंतर रॉसिनीने तो मागे घेतला आणि त्यातलं अर्धं संगीत दुसऱ्या ऑपेरात वापरून टाकलं. खेळ संपला असंच सगळ्यांनी धरलं. मग विसाव्या शतकात अभ्यासकांनी रोम, पॅरिस, व्हिएन्ना इथल्या ग्रंथालयांतून विखुरलेले कागद गोळा केले, जुळवले, आणि १९८४च्या ऑगस्टमध्ये पेझारोत क्लाउडिओ आबादोने तो उभा केला. त्यात एका जागी चौदा गायक एकाच वेळी चौदा वेगळ्या ओळी गातात. चौदा नामवंत एकत्र आणणं अशक्यप्राय, म्हणून पेझारोकरांनी छान मार्ग काढला आहे. त्यांच्या गानशाळेत निवडून आलेले तरुण गायक दर उन्हाळ्यात हाच ऑपेरा करतात. पुढे मोठे झालेले कितीतरी आवाज तिथे पहिल्यांदा ऐकू आले.

जर्मनीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे सरकारी पैशावर चालणारी ऑपेराची नाट्यगृहं ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांत पगारी गायकांचा संच असतो. आपल्या किर्लोस्कर किंवा गंधर्व नाटक मंडळीसारखा. बिऱ्हाड तिथेच, आज एक नाटक, उद्या दुसरं. असा संच हाताशी असला की व्यवस्थापकाला वेगळं काही करून पाहता येतं. वास्को द गामावरचा मायरबेअरचा शेवटचा ऑपेरा इतके दिवस ‘लाफ्रिकेन’ या नावाने, संगीतकाराच्या मृत्यूनंतर इतरांनी कापलेल्या रूपात गायला जाई. त्याचं मूळ रूप जुळवून २०१३ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आणलं ते केम्निट्झ या शहराने. बर्लिनने रोबेर्तो आलान्याला घेऊन तो केला तो दोन वर्षांनी.

घोषणा हातात आली की

मी स्वतः कशी वाचते ते सांगते. अनोळखी ऑपेरा दिसला की आधी मुख्य गायकाचं नाव, आणि तो गेली दोन-तीन वर्षं काय गातोय ते बघते. हलक्या भूमिका करणारा माणूस एकदम जड भूमिकेत जाहीर झाला असेल तर तो मोठा होतोय किंवा घाई करतोय, यांपैकी एक. मग कंडक्टर. फ्रेंच ऑपेराला फ्रेंच भाषेची लय ओळखणारा हात हवा. त्यानंतर कुठली आवृत्ती, किती कापलेली. पाच तासांचा खेळ तीन तासांत बसवला असेल तर काय गेलं, हे विचारायला हवं. आणि प्रयोग किती आहेत? एखाद-दोन मैफलवजा प्रयोग असतील तर तिथे ध्वनिमुद्रण होण्याचा संभव असतो, ते घरी बसून ऐकता येईल. शेवटी, तिकीट काढलं तरी गायक बदलेल ही तयारी ठेवते. बदली गायकासाठी गेलेली संध्याकाळ वाया गेली, असं मानू नये. काबाये आठवावी.

मुंबईकरांना आणखी एक सोय झाली. मेट्रोपॉलिटनने २००६च्या डिसेंबरात प्रयोग थेट पडद्यावर दाखवायला सुरुवात केली आणि नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत ते बघायला मिळाले. पडद्यावर गायकाचा घाम दिसतो, श्वास कुठे घेतला ते दिसतं. आवाज मात्र माइकमधून येतो, हे लक्षात ठेवावं. तो किती मोठा आहे, हे पडदा सांगत नाही.

आपल्या वाटचे

मी ज्यांची वाट बघते त्या दुर्मिळ ऑपेरांत काहींचा पत्ता आपल्या जवळचा आहे. लुडविग श्पोरचा ‘येसोंडा’, कासल, १८२३. तो घडतो गोव्यात. राजा वारला आहे, त्याच्या तरुण विधवेला, येसोंडाला, सती जावं लागणार आहे. नगराबाहेर पोर्तुगीज सैन्य, आणि त्याचा सेनापती त्रिस्तान द’कुन्या हाच तिचा पूर्वीचा प्रियकर. मृत्यूचा निरोप घेऊन आलेला तरुण ब्राह्मण नादोरी तिच्या बहिणीच्या प्रेमात पडतो. यातला गोवा श्पोरच्या कल्पनेतला आहे, आणि ‘सुटका करणारा गोरा सेनापती’ ही मांडणी आज तशीच्या तशी गळी उतरणार नाही. पण संगीत सुंदर आहे, विशेषतः नादोरी आणि त्या बहिणीचं द्वंद्वगीत. शंभर वर्षं जर्मनीत तो नियमित होत असे. युरोपीय नायक भारतीय स्त्रीवर प्रेम करतो म्हणून नाझींनी तो बंद केला, आणि मग तो फारसा उठलाच नाही. गोमंतकीय दिग्दर्शकाच्या नजरेतून तो कसा दिसेल, हे पाहायची मला फार इच्छा आहे.

आल्बेर रुसेलची ‘पद्मावती’ १९२३ची. रुसेल आधी नौदलात होता, १९०९ मध्ये भारतात फिरला, चितोडचा किल्ला त्याने डोळ्यांनी पाहिला. २००८ मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहाने ती केली तेव्हा दिग्दर्शक होते संजय लीला भन्साळी. त्यांनी याच कथेवर चित्रपट केला तो त्यानंतर दहा वर्षांनी.

आणि गुस्ताव होल्स्टची ‘सावित्री’. होल्स्ट लंडनमध्ये संस्कृत शिकला, मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून. महाभारतातली वटपौर्णिमेची गोष्ट त्याने अर्ध्या तासाच्या ऑपेरात बसवली, १९१६ मध्ये पहिला प्रयोग झाला. वर जे जे अवघड म्हणून सांगितलं, त्यातलं इथे काहीच नाही. गायक तीन, सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वादक बारा. पडद्याआड बायकांचा शब्दांविना गाणारा कोरस. होल्स्टने तो उघड्या आकाशाखाली किंवा छोट्या जागेत करावा, असं म्हणून ठेवलं आहे. म्हणजे एखाद्या वाड्याच्या चौकात, देवळाच्या पटांगणात, खऱ्या झाडाखालीसुद्धा तो होईल.

मुंबईत जन्मलेली पॅट्रिशिया रोझारिओ लंडनमध्ये मोठी सोप्रानो झाली आणि आता इथल्या तरुणांना शिकवते. २०१७ मध्ये मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तिच्या पुढाकाराने चिमारोझाचा ‘इल मात्रिमोनियो सेग्रेतो’ इथल्या गायकांनी केला. तेव्हा गळे आहेत. ‘सावित्री’ला एक मेझो किंवा गडद सोप्रानो हवी, एक टेनर, आणि एक बास, तो फार चांगला हवा. कारण हा ऑपेरा वाद्यांनी सुरू होत नाही. अंधारातून, कुठलीही साथ नसताना, एकटा मृत्यूचा आवाज दुरून येतो आणि सावित्रीला तिच्या नावाने हाक मारतो.